शून्य माणसांचं गाव

नकाशा काढल्याशिवाय जगातली कुठलीही गोष्ट समजत नाही असं मानणारा एकच माणूस मराठवाड्यात आहे, आणि नेमका तो माझा साडू निघावा हे माझं नशीब. अहमदपूरच्या एका लग्नात मी सहज विचारलं, तुमचं दुकान लातुरात नेमकं कुठे? त्यांनी पानातला भात सपाट केला, वरणाची धार सोडून मुख्य रस्ता केला, लोणच्याच्या फोडींचे क्लासेस मांडले आणि बुंदीचा एक दाणा ठेवून म्हणाले, “हे आपलं दुकान.” तेवढ्यात वाढप्याने वरून कढी ओतली. अख्खं लातूर वाहून गेलं आणि साडू त्या वाढप्याशी आजतागायत बोलत नाहीत.

दुकान क्लासेसच्या गल्लीत. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेल्या पोरांच्या आईबापांना क्लास, खानावळ आणि होस्टेल दाखवणारे नकाशे छापून विकायचे, हा धंदा. नकाशा कॉम्प्युटरात रेघा आणि आकडे होऊन बसलेला असतो. त्याचं छापण्याजोगं चित्र करायला साडूंनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिलाय. त्याला ते ‘स्क्रिप्ट’ म्हणतात आणि बायकोपेक्षा जास्त जपतात. कॉम्प्युटरशी त्यांचं अहो-जाहो. “घ्या साहेब, उघडा फाइल!” साहेब बिघडले की मात्र साडू एकेरीवर येतात आणि शेजारचा क्लास खिडक्या लावून घेतो.

असे ते एकदा आठवडाभर एकेरीवर होते. साडूंचं गाव भूकंपपट्ट्यातलं. भूकंपानंतर गाव उठून चांगलं कोसभर लांब नव्या जागी वसलं. तिथल्या शाळेची नवी इमारत झाली होती आणि रविवारच्या उद्घाटनाला भिंतीवर जुनं-नवं दोन्ही गावं दाखवणारा मोठा नकाशा लावायचं साडूंनी कबूल केलं होतं. जास्त वस्तीचं गाव गडद, कमी वस्तीचं फिकं, अशी रंगांची योजना होती. नवं गाव झकास उमटायचं. जुन्या गावाच्या जागी नुसता पांढरा कागद.

मी गेलो तेव्हा ते स्क्रीनवर बोट ठोकत होते. “एरर आली तर माणूस भांडतो तरी, साडूभाऊ. हे बेनं ‘झालं’ म्हणून राहिलं अन् केलं काहीच न्हाई!” त्यांनी रंग बदलून पाहिले, चित्राचा आकार वाढवला, जुन्या गावाच्या सीमा नव्याने आखल्या, शेवटी कॉम्प्युटरला उदबत्तीही ओवाळली. मी मराठीचा मास्तर. मी स्क्रिप्टमधली शुद्धलेखनाची चूक दाखवली, तर त्यांनी मला खुर्ची सोडायला लावली.

मेहुणी चहा घेऊन आली. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “दाजी, तुमीच सांगा ह्यांना. रिकाम्या घराला कुणी रंग देतंय का?”

साडूंनी कप तसाच खाली ठेवला. जुन्या गावाची लोकसंख्या शून्य होती. आणि स्क्रिप्टमध्ये ‘इथे काहीच नाही, कागद कोरा ठेव’ याची खूणही शून्यच ठेवलेली होती! मशीन बिचारं सांगितलेलंच करत होतं. कोऱ्या जागेला दुसरी कुठलीही खूण दिली की काम भागणार होतं. हे सगळं त्यांनी मला समजावून सांगितलं, पण ती खूण बदललीच नाही. जुन्या गावापुढचं शून्य खोडून तिथे एक लिहिला.

बरड माळावर हरभऱ्याचं कोवळं पान दिसावं तसा एक फिका हिरवा ठिपका स्क्रीनवर उमटला.

“आणि हा एक कोण?” मी विचारलं. मला वाटलं, आता काहीतरी खास लातुरी उत्तर मिळणार.

“मी,” साडू म्हणाले. त्यांचं नाव अजून गावच्याच यादीत; नव्या गावाच्या आकड्यातून त्यांनी एक वजाही करून टाकला होता. “भूकंप झाला तवा मी हितं लातुरात शिकवणीला होतो, साडूभाऊ. म्हणून वाचलो. धाकटी बहीण तिथंच ढिगाऱ्याखाली गेली. तिला एकटीला कसं ठिवू?”

 तो नकाशा शाळेच्या भिंतीवर आहे, खाली दोन्ही गावांचे आकडेही छापलेले आहेत. मी जन्मभर लोकांच्या चुका काढत आलो. ही चूक कुणी काढायला गेलं, तर त्याच्याशी मी भांडेन.