उद्याची बाटली

कंपाउंडरकाकांनी कोणाला 'सोड' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. ज्या माणसाचा दिवस अफूच्या आणि पांढऱ्या पुडीच्या आहारी गेलेल्या लोकांत जायचा, त्याने हा शब्द उठता-बसता वापरायला हवा होता. कोणी तसं विचारलं तर काका म्हणायचे, "सोड म्हणायला घरची माणसं आहेत की. बिचारी बिनपगारी म्हणतात. सोड म्हणताना हातात धरायला काहीतरी द्यावं लागतं, ते कोण देणार?"

त्यांचं खरं नाव लोदमधल्या आमच्या शिकूनात, म्हणजे सरकारी वसाहतीत, फार थोड्यांना ठाऊक होतं. मुंबईला भायखळ्याच्या एका दवाखान्यात त्यांनी वीस-बावीस वर्षं मिक्स्चरं बनवली होती. इथे, ज्यूंच्या देशात, आल्यावर तो अनुभव कोणत्याही कागदात बसेना. मग नशेबाजांसाठी नवीन निघालेल्या दवाखान्यात ते कामाला लागले. औषध मोजायचं काम फार्मसीवालीचं. काका पेले धुवायचे, बाटल्यांवर नावं चिकटवायचे आणि रांगेतल्या माणसांशी बोलायचे. यातलं तिसरं काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

शर्टाच्या खिशात दोरीला बांधलेली एक छोटी कात्री असायची. आमच्या लहानपणी मुंबईत औषधाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवत, एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. ती पट्टी काकांनी लोदला आणली. फरक एवढाच की ती ते स्वतः कापत नसत. कात्री समोरच्याच्या हातात द्यायचे. "तू काप. मी कापली तर खाच माझी. मग ती मोडायला तुला काय वाटणार?" सैन्यातून आलेले, तुरुंगातून आलेले धटिंगण जीभ दातांत धरून कागद कातरत बसलेत हे दृश्य मी पाहिलं आहे. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना आधी तो पोरखेळ वाटला. पुढे त्या स्वतःच रंगीत कागद आणून द्यायला लागल्या.

माझा काकांशी संबंध आला तो धाकट्या भावामुळे. रूबेनच्या पायाला सैन्यात असताना इजा झाली. इस्पितळात दुखण्यावर इंजेक्शनं मिळाली, घरी आल्यावर दुखणं राहिलं आणि इंजेक्शनं गेली. मग बाजारातली अफू आली, तिच्यामागून पूड. त्याने तीनदा सगळं एका झटक्यात सोडलं. तिन्ही वेळा महिनाभरही टिकलं नाही, आणि तिन्ही वेळा परत गेला तो आधीपेक्षा जास्त घ्यायला. आईने एलियाहू हन्नबीला, आम्हा ज्यूंच्या प्रेषिताला, नवस बोलून ठेवला होता, पोराने पुरतं सोडलं की मलिदा करीन, प्रार्थनेला पोहे-गुळाचं ताट मांडीन म्हणून. त्याच्या बायकोची अट वेगळी होती. दीना लहानग्या ओर्लीला घेऊन येरुहामला माहेरी निघून गेली तेव्हा मला म्हणाली, "भावजी, शबातच्या जेवणाला तो शुद्धीवर बसला, जेवण संपेपर्यंत बसला, असं तुम्ही मला सांगा. मी येते." विमानतळाच्या गुदामात मालाची नोंद ठेवणं हे माझं काम. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते मी लिहीत नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने मला सांगितलं.

आणि शबात, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा विसाव्याचा दिवस, हीच नेमकी अडचण होती. दवाखान्यात मेथाडोन मिळायचं, लाल पेतेल सरबतात कालवून, रोज सकाळी खिडकीपाशी उभं राहून प्यायचं. पुडीची तलफ त्याने दबते, अंगाला थारा मिळतो. शनिवारी दवाखाना बंद. म्हणून ज्यांच्यावर डॉक्टरीणबाईंचा थोडा भरवसा बसला, त्यांना शुक्रवारी दोन वाटे मिळत. आजचा तिथेच प्यायचा, उद्याचा बाटलीतून घरी न्यायचा. अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी. पट्टीला मधोमध एक खाच. ऐकायला सोपं आहे. पण त्या लोकांच्या आयुष्यात 'उद्याचं' म्हणून कोणतीच वस्तू शिल्लक राहिलेली नव्हती. बऱ्याच बाटल्या फाटकाशीच रिकाम्या होत.

रूबेनची पहिली बाटली बसथांब्यापर्यंत पोचली. रविवारी काकांनी त्याला विचारलं, "चव कशी होती रे?"

"गोड."

"आणि शनिवारची?"

रूबेन हसला. शनिवार त्याने अंथरुणात घाम पुसत काढला होता. काका रागावले नाहीत. त्यांनी फक्त तो शनिवार त्याच्याकडून तासातासाने वदवून घेतला, जसं काही एखादं लग्न चुकलंय आणि तिथे कोण कोण होतं ते ऐकायचंय.

पुढच्या शुक्रवारी काकांनी खिशातून आपली तपकिरीची डबी काढली. हे त्यांचं स्वतःचं व्यसन. सकाळी एक चिमूट, दुपारच्या चहानंतर एक, आणि मधे कोणी पाहत नसलं की आणखी. डबी रूबेनच्या हातावर ठेवून म्हणाले, "मी शबातला तुमच्याकडेच जेवायला आहे. माझी डबी तुझ्याकडे, तुझी बाटली तुझ्याकडे. मी मागितली तरी टाइम झाल्याशिवाय द्यायची नाही. मी फार वाईट माणूस आहे, लक्षात ठेव."

ते खोटं नव्हतं. सूप संपायच्या आधीच काकांची बोटं चुळबुळायला लागली. आधी सहज मागून पाहिलं, मग वयाचा मान काढला, मग मुंबईच्या आठवणी काढल्या. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "हिशेबनीस, तुमच्या भावाला सांगा की." रूबेन टेबलावर हात ठेवून शांत बसला होता. "काका, चहानंतर." त्याच्या तोंडून असं मालकाच्या आवाजातलं वाक्य मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आईला हसू आवरेना.

काकांचे नियम थोडे होते. आधी जेवायचं, मग घ्यायचं. भूक आणि तलफ एका ताटात बसवायच्या नाहीत. रागात घ्यायचं नाही आणि आनंदातही नाही. घेतलं तर लपवायचं नाही. एखाद्याने मधेच बाजारातून पूड आणून घेतली की तो तोंड लपवायचा. काका त्याच्या घरी जाऊन चहा मागायचे. म्हणायचे, "पाय घसरला म्हणून कोणी गाव सोडतं का? उठ, दूध आण." काकांची सगळी माणसं सावरली असं मी लिहिणार नाही. दोघांच्या अंत्यविधीला मी त्यांच्याबरोबर गेलो आहे. त्या दिवशी ते तपकीर ओढत नसत.

रूबेनची बाटली आता शनिवारपर्यंत टिकू लागली होती. पण काहीतरी बिनसत होतं. शनिवारची सकाळ बरी जायची; दुपारी जांभया, घाम, पायात पेटके. तिसऱ्या शबातला तो जेवणावरून उठला तो सरळ बाहेर पडला आणि संध्याकाळी पूड घेऊन, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, असा घरी आला. त्याच्या पुढच्याही शबातला तेच. मी दीनाला काय कळवणार? रूबेन म्हणाला, "दादा, माझ्याने नाही होत. नियम पाळूनही नाही होत." तो असं म्हणाला याची मला धास्ती वाटली. यापूर्वी तो नियम मोडून हरला होता, तेव्हा निदान कारण तरी होतं.

पुढच्या शबातला काका जेवायला आले, ते नेहमीपेक्षा लवकर. फळीवरची बाटली उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. पट्टी बरोबर होती, खाचेपर्यंत औषधही बरोबर होतं. पण पेतेलचा लाल रंग गुलाबीवर आला होता. त्यांनी रूबेनला गच्चीवर कपबशा मांडायला पाठवलं आणि आईसमोर खुर्ची ओढून बसले. मी तिथेच होतो.

"वहिनी, पाणी किती घालता?"

आई म्हणाली, "अर्धं. शुक्रवारी तो न्हायला गेला की अर्धं ओतून टाकते नि वर पाणी घालते. त्याला कळत नाही. नकळत कमी होत होत सुटेल, म्हटलं. किती वर्षं झाली नवसाला. देवाला काय तोंड दाखवू?"

मला वाटलं काका आता तरी चिडतील. पोरगा औषधाअभावी तडफडून बाजारात जात होता, आणि औषध मोरीत जात होतं. पण ते कात्रीच्या दोरीशी खेळत राहिले.

"वहिनी, भात अर्धा शिजला की चूल विझवता का तुम्ही?"

"नाही."

"मग? कमी करायचं असेल तर डॉक्टरीण करेल, त्याला सांगून, तो हो म्हणाला की. आज तो बाटली सांभाळतोय, ती त्याची आहे म्हणून. तुम्ही ती परस्पर तुमची केलीत." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि नवसाचं म्हणाल, तर आपल्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबीच्या रथाची खूण आहे. रथाची, वहिनी. बसला होता त्या पाटाची नाही. तो जाता-जाता भेटणारा आहे. मुक्कामाला पोचल्यावरच बोलवा, असं त्याने कुठे सांगितलंय? अर्ध्या वाटेत बोलवा. अर्ध्याचा मलिदा करा."

आईने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "अर्ध्याचा म्हणजे कसा?"

काका म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा. मी कंपाउंडर आहे."

त्या दिवशी रूबेनला आईनेच सगळं सांगितलं. तो रागावेल असं आम्हाला वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे होत होतं माझ्याने." आणि जेवायला बसला.

पुढचे शबात बाटलीचा रंग लाल राहिला आणि रूबेन टेबलाशी राहिला. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाल्यावर मी येरुहामला निरोप धाडला, जेवढं पाहिलं तेवढाच. त्याच्या पुढचा शबात उतरल्यावर आईने मलिदा केला. रामल्याच्या बाजारातून पोहे आणले, गूळ, खोबरं, वेलची, फळं, वर गुलाबाचं फूल. सगळं यथासांग, पण ताटाच्या बरोबर अर्ध्या भागात. उरलेलं अर्धं ताट घासून पुसून लख्ख रिकामं. मधली रेघ पट्टी धरून ओढल्यासारखी. प्रार्थनेला जमलेले शेजारी त्या रिकाम्या भागाकडे बघत होते. कोणाला वाटलं पोहे कमी पडले. एकीने हळूच घरून आणते म्हटलं. काकांनी आमेन इतक्या जोरात म्हटलं की विषय तिथेच संपला.

दीना त्या मलिद्याला आली होती, बीरशेबाला बस बदलून, ओर्लीला घेऊन. बापाला पाहून ओर्ली हिब्रूत काहीतरी पुटपुटली आणि दीनाच्या मागे दडली. जाताना मात्र त्याच्या हातून केळं घेतलं. पुढच्या महिन्यात दोघी सामानासकट आल्या.

त्यानंतर आमच्याकडे दरवर्षी अर्धा मलिदा व्हायला लागला. रूबेन कारखान्यात लागला. डॉक्टरीणबाईंनी त्याचा डोस दोनदा उतरवला, एकदा परत चढवावा लागला. औषध सुटलं नाही. मधल्या काळात त्याचा पायही दोन-तीनदा घसरला. प्रत्येक वेळी त्याने काकांना स्वतः जाऊन सांगितलं आणि काकांनी चहा मागितला.

मग काका थकले आणि हैफाला लेकीकडे राहायला गेले. निघताना डबी रूबेनला देऊन म्हणाले, "ही तुझ्याकडेच असू दे. लेक माझी कडक आहे, पण तुझ्याएवढी नाही." मलिद्याला वर्षातून एकदा यायचे, एक चिमूट मागायचे, आणि रूबेन घड्याळ बघून द्यायचा.

काका वारल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आला तो शुक्रवारी सकाळी. शबातपूर्वी माती द्यायची म्हणून सगळी घाई. रूबेन आधी दवाखान्यात जाऊन आला. आम्ही दोघे हैफाच्या बसमध्ये बसलो. त्याच्या कोटाच्या एका खिशात डबी होती आणि तिच्याशेजारी उद्याची बाटली. बस वळली की दोन्ही एकमेकींवर आपटत. जाताना तो आवाज मी ऐकत होतो, आणि परतताना जास्तच. येताना तो खिडकीबाहेर बघत होता. आणि त्याचा हात पूर्णवेळ त्या खिशात होता. बाटली उघडायला दोन बोटं पुरतात. मी त्याला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं एकच होतं, आणि ते विचारलं असतं तर बाटली माझी झाली असती.

घरी पोचलो तेव्हा आई दिवे लावायच्या तयारीत होती. दीना आणि ओर्ली दारातच उभ्या होत्या. सगळ्यांची नजर एकाच खिशाकडे. रूबेनने हात धुतले, बाटली काढली आणि दिव्यांच्या शेजारी ठेवली. लाल, गळ्यापर्यंत भरलेली, पट्टीवर खाच.

ओर्लीने विचारलं, "अब्बा, हे आज नाही घ्यायचं?"

"ही उद्याची आहे," तो म्हणाला. "चला, आधी जेवू."

आईने दिवे लावले. भाकरीवर घालायच्या पांढऱ्या कापडाचं टोक ओढून तिने बाटलीवरही पांघरलं. ताटं उचलताना म्हणाली, "उद्या शबात उतरला की मलिदा करते. पुरा."

हिशेबाने पाहिलं तर नवस पुरा झालेला नव्हता. बाटली समोर होती. तो हिशेब मी बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजार उघडल्यावर रामल्याला गेलो आणि भरल्या ताटाचे पोहे घेऊन आलो.