कुजबुजमावशीची हाक

नाट्यगृहात तिला सगळे कुजबुजमावशी म्हणत. उभी हयात तिने विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवण्यात घालवली. नट अडखळला, त्याची नजर विंगेकडे वळली, की मावशीचा शब्द त्याच्या कानात पोचलाच. पहिल्या रांगेलाही कधी सुगावा लागला नाही. गुडघे कुरकुरू लागले, तशी तिला ऑफिसात मेल पाहायला बसवलं.

त्या दुपारी मॅनेजरच्या नावाने मेल आला. ‘मीटिंगमध्ये अडकलोय. आपल्या मेलचा पासवर्ड आठवत नाही. लगेच पाठवा. फोन करू नका.’

समोरचा अडखळला म्हटल्यावर मावशी विचार करत बसते होय? शब्द पुरवून मोकळी झाली.

तेवढ्यात मॅनेजर चहाचा कप घेऊन दारात उभा. “काय मावशी, आज कुणाला वाक्यं पुरवतेस?”

“तुझी मीटिंग संपली?”

“कसली मीटिंग? सकाळपासून रंगमंचावरचे दिवे लावून घेतोय. स्वप्न पडलं काय तुला?” हसत तो खाली गेलासुद्धा.

मावशीने मेल पुन्हा पाहिला. नाव मॅनेजरचं, पण खालचा पत्ता भलत्याचाच. आणि हा पोरगा तिला ‘पाठवा’ कधीपासून म्हणायला लागला? फोन करू नका म्हणे! अहो, तिथेच ओळखायला हवं होतं.

नाट्यगृहाच्या मेलखात्यात साऱ्या कलावंतांचे पत्ते होते. नाट्यगृहाचा निरोप म्हटला की डोळे मिटून मान डोलावणारी भोळी माणसं. रंगभूमीचा धडा मावशीला पाठ होता: चूक झाली तर झाकायची, खेळ पुढे न्यायचा. पुसून टाकावा का हा मेल? कोणाला कळतंय?

इतक्यात कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिने न लिहिलेले मेल आपोआप जाऊ लागले. ‘तातडीचे. खालच्या दुव्यावर आपली बँकेची माहिती भरा.’ पहिलंच नाव जुन्या नायिकाबाईंचं. एकट्या राहतात बिचाऱ्या.

मावशी ऑफिसबाहेरच्या सज्जात धावली आणि आयुष्यात पहिल्यांदाच ओरडली, “अरे, चोराला किल्ली दिली मी! पासवर्ड बदल, आत्ताच्या आत्ता!”

शिडीवरचे कामगार थिजले. मॅनेजर दोन-दोन पायऱ्या चढत आला. “ऊठ, मला बसू दे. तू फोन लाव सगळ्यांना. लपवलं नाहीस, हेच फार झालं.” त्याची बोटं कीबोर्डवर धावू लागली.

मावशीने आधी नायिकाबाईंचा नंबर फिरवला.

“बाई, नाट्यगृहाचा मेल आलाय ना? तो आमचा नाही! काही भरलं तर नाहीत?”

पलीकडे शांतता. याच विरामावर बाईंनी एके काळी थिएटरचा श्वास रोखून धरला होता. आज मावशीचा धरला.

“चष्मा शोधत होते गं भरायला,” बाई म्हणाल्या. “पण तू कोण? हा आवाज कधी ऐकला नाही मी.”