बंदूकवाल्याला लागलेलं धनुष्य

वर्लिन हॅस्केटचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. लाकूड गिरणीत एकतीस वर्षं त्यानं ओल्या फळ्या ओढून रचल्या, पाळी पाचची. निवृत्त झाला तरी डोळे साडेतीनलाच उघडत. त्या वेळी आता कुत्र्यालाही त्याची गरज नसे. मग कॉफी करायची आणि इतरांच्या आळसावर विचार करायचा, हा त्याचा नवा उद्योग.

थप्पीतली एक फळी बोटभर पुढे आली तरी तो अख्खी थप्पी उतरवायला लावी. त्यामुळे फेब्रुवारीत वन्यजीव खात्याच्या सभेत तो उभा राहिला, तेव्हा लोकांनी खुर्चीत नीट बूड टेकवलं. खोऱ्यात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचे परवाने शंभर: साठ बंदूकवाल्यांना, चाळीस धनुष्यवाल्यांना. सतरा वर्षं वर्लिन बंदुकीच्या सोडतीत नाव टाकत होता आणि दरवर्षी परवान्याऐवजी पुढच्या सोडतीत संधी वाढवणारा एक जादा गुण पदरात पडत होता.

"आमचे अर्ज नऊशे, यांचे दीडशे," तो म्हणाला. "वाटा अर्जांच्या हिशेबानं करा. खेळणी घेऊन महिनाभर डोंगर तुडवायचा आणि हात हलवत घरी यायचं, याला मेहनत म्हणत नाहीत."

"हात हलवत येतो म्हणूनच तर," मागून डेल ऑस्ट्रम बोलला. शेजारी, निवृत्त पोस्टमन, जन्माचा धनुष्यवाला. "आमच्यातला दहात एक मारतो, तुमच्यातले पाच. कळपाला जड कोण, बाबा?"

वर्लिननं ते ऐकलं नाही. खात्यानं मात्र वर्लिनचं ऐकलं. धनुष्याचे दहा परवाने बंदुकीकडे गेले.

अर्ज त्यानं पहाटे पावणेचारला भरला, चष्म्याशिवाय. "मी उठले की बघते एकदा," असं त्याची बायको नॅडीन म्हणाली होती. पण स्वतःचं काम दुसऱ्याकडून तपासून घेणाऱ्यातला तो नव्हता.

जूनमध्ये पत्र आलं. परवाना लागला होता. नॅडीननं वाचला, परत वाचला.

"वर्लिन, हा धनुष्याचा आहे."

"खात्याची चूक."

तिनं अर्जाची प्रत पुढे सरकवली. शिकारीच्या क्रमांकात शेवटी बंदुकीचा दोन हवा होता, त्यानं धनुष्याचा एक टाकला होता. परवाना बदलून मिळत नाही. सतरा गुण खर्ची पडले होते. पुन्हा तेवढे साठवायचे तर तो शहाऐंशीचा होणार. म्हणजे धनुष्यानं मारायचा, नाहीतर या जन्मी एल्क नाही.

डेलला यंदा काहीच लागलं नव्हतं. वर्लिन टोपी काढून त्याच्या कुंपणाशी गेला.

"शिकवशील?"

डेल परवाना बराच वेळ वाचत राहिला. "माझी जागा खाल्लीस ती खाल्लीस, वर शिकवणीही मीच घ्यायची?"

"पैसे देतो."

"पैसे ठेव तुझ्याकडे. रोज दोनशे बाण मार. खेळणंच आहे, तुला काय जड."

तिसऱ्या दिवशी वर्लिनला सुपाचा चमचा उचलवेना. जुलैभर त्यानं गवताचा भारा टिपला, अधूनमधून गोठा, आणि एकदा नॅडीनची दोरीवरची चादर.

सप्टेंबरच्या तिसाव्या दिवशी, मोसमाच्या शेवटच्या सकाळी, एल्क बावीस पावलांवर आला. त्याच्या पापण्या दिसत होत्या. वर्लिननं दोरी ओढली. एल्क झाडाआड थांबला. मिनिट गेलं, दुसरं गेलं. खांदा थरथरला, दात वाजले, बाण न सुटताच दोरी हळूहळू पुढे गेली. एल्क बाहेर आला. वर्लिन नव्या कामगाराच्या थप्पीकडे जसा बघायचा, तसं त्यानं वर्लिनकडे बघितलं आणि चालता झाला.

पुढच्या फेब्रुवारीत वर्लिन परत उभा राहिला. "त्यांचे दहा परवाने त्यांना परत द्या."

"गेल्या वर्षी तुम्हीच काढून मागितले होते," अध्यक्ष म्हणाले.

"हे लोक काही मारत नाहीत. मी स्वतः तपासलंय."

"मेहनत केली होतीस ना नीट?" मागून डेल.

"तीस दिवस," वर्लिन म्हणाला आणि खाली बसला.

गिरणीतल्या शेवटच्या वर्षीचे जादा पाळ्यांचे पैसे त्यानं नव्या बंदुकीसाठी राखले होते. त्यांतून आधीच एक धनुष्य आलं होतं, तीन डझन बाण आणि नॅडीनला चादर. उरल्या पैशांत, एल्कसाठी रिकामा करून ठेवलेला फ्रीझर भरेल एवढी दुकानातली कोंबडी.