मिसकॉल न येता हललेला बाण
फ्लेक्सच्या शाईचा उग्र वास आला की मला गंगाखेडच्या बसस्टँडसमोरचं, मी कामाला होते ते बॅनरचं दुकान आठवतं. मालक नांदेडला दवाखान्यात होते आणि दुकानातला कॉम्प्युटर तिथल्या खाटेवरून, लॅपटॉपवर चालवायचे. त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकटातलं, म्हणून परकं कुणी आत शिरू नये याचा बंदोबस्त त्यांनी स्वतःच ठरवला होता. "मी आधी मिसकॉल देतो, मंगच आत येतो. मिसकॉल न्हाई आन् बाण हलला, तर वायर उपस. इचार करू नको." त्या दुपारी मिसकॉल आला नाही आणि पडद्यावरचा बाण हलला. त्याने श्रद्धांजलीच्या बॅनरचा नमुना उघडला आणि त्या चौकटीत मालकांचाच एकेक फोटो ठेवून बघायला लागला. जित्या माणसाची कुणीतरी अशी थट्टा करतंय, या संतापात मी इंटरनेटची वायर उपसली. थोड्या वेळाने मालकीणकाकूंचा फोन आला. "वायर काढलीस का गं? फोन माझ्यापाशी होता, मी औषधं आणायला खाली गेलते. ते मघापासून दुकानातला कॉम्प्युटर उघडायला बघायलेत." मी वायर परत लावली आणि अंधार पडेपर्यंत पडद्यासमोर बसून राहिले. बाण हलला नाही. दुसऱ्या दिवशी मालकांच्या श्रद्धांजलीचा बॅनर मलाच करावा लागला. काकूंनी विचारलं, "फोटो बघायलोय म्हणले होते. त्यांनी कोणता निवडला होता?" समोर दिसला त्या फोटोवर मी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हाच." तो फोटो आजही काकूंच्या भिंतीवर आहे. त्यांच्याकडे गेले की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसते.