फाडायची राहिलेली चिठ्ठी

साठाचे सहा केले आणि परत साठ करायचं विसरला, त्यानं केलं ते एवढंच. पुढचं सगळं इतरांनी केलं, अशी तो अजून स्वतःची समजूत घालतो.

ऑफिसात त्याला झालंचराव म्हणायचे. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "झालंच!" जेवलास? झालंच. काम? झालंच. वय छत्तीस, घरी बायको आणि पुढचे दोन दात पडलेली मुलगी. नोकरी बूट-चपला ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीत. लोक बटण दाबणार, ऑर्डर रांगेत लागणार, आणि सर्व्हर त्या एकेक करून गोदामाकडे पाठवणार. सर्व्हर कंपनीचे नव्हते, क्लाउडवरचे, म्हणजे भाड्याचे. गर्दी वाढली की आपोआप आणखी उभे राहायचे, ओसरली की बंद व्हायचे. जास्तीत जास्त किती, हा आकडा तेवढा माणसानं घालायचा. सेलसाठी तो होता साठ.

मंगळवारी झालंचरावानं चाचणीसाठी तो सहावर आणला. रांग कुठे तुंबते ते त्याला बघायचं होतं. रीतसर चिठ्ठीही लावली.

ही चिठ्ठीची रीत ताईची. ताई म्हणजे या रांगेची मालकीणच म्हणा ना. वयानं सगळ्यांत मोठी, आणि तिच्याआधीपासून तिथे काय होतं तर फक्त भिंती. तेव्हा ऑर्डरी फोनवर यायच्या. ताई मान वाकडी करून खांद्यात रिसीव्हर धरायची, ऑर्डर कागदावर उतरवून खिळ्याला टोचायची, आणि माल निघाला की कागद फाडायची. पुढे फोन गेले, कॉम्प्युटर आले, मग क्लाउड आला. तिची मान तेवढी डावीकडे कललेली राहिली. दर वेळी ती नव्यानं शिकली. तिला शिकवायला आलेली पोरं नोकऱ्या बदलून गेली, ही तिथेच.

सिस्टीममध्ये शिरायला सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड होता. कोणी काय बदललं ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. स्वतंत्र पासवर्ड द्या, असं ताईनं तीनदा लिहून दिलं. साहेब म्हणाले, "अहो ताई, आपण एक कुटुंब आहोत." मग ताईनं पिवळ्या चिठ्ठ्यांचं पॅड आणलं. आकडा बदलला की नावानिशी चिठ्ठी स्क्रीनच्या कडेला चिकटवायची. पूर्ववत केला की तिच्यासमोर फाडायची. पोरं हसली, पण पाळायला लागली.

बुधवारी मालक फोटोग्राफर घेऊन येणार होते. साहेबांनी सकाळीच फेरी मारली. "हे काय गोचिड चिकटल्यासारखं? काढा!" झालंचरावानं आपली चिठ्ठी काढून पाकिटात सारली. फोटो झाला की लावू. सेलआधी यादीतले बेचाळीस आकडे एकेक करून तपासायला ताईला एक अख्खी सकाळ लागायची. ती सकाळ फोटोत गेली. मालकांच्या शेजारी ताईला उभं केलं होतं. "मान सरळ ठेवा," फोटोग्राफर म्हणत होता.

संध्याकाळी यादीवर सही करताना ताईनं मान वर करून विचारलं, "तुझं ते सहाचं साठ केलंस का रे?"

झालंचराव मुलीला आणायला निघाला होता. एक हात शर्टाच्या बाहीत, एक बाहेर.

"झालंच!"

गुरुवारी दहाला सेल उघडला आणि दहा वाजून चार मिनिटांनी घोडं अडलं. हजारो माणसं, सहा सर्व्हर. पान हलेना म्हणून लोकांनी बटण पुन्हापुन्हा दाबलं. कुणाची एकच ऑर्डर पाच वेळा, कुणाचे पैसे कापले आणि ऑर्डरच नाही. साहेब मागे उभे राहून "काहीतरी करा" एवढंच करत होते. ताई यादी घेऊन पहिल्या आकड्यापासून निघाली. सव्वाअकराला ती थांबली. वळून झालंचरावाकडे बघितलं आणि सहाचे साठ केले. दहा मिनिटांत रांग हलली.

दुपारी सव्वा वाजता तिनं रोजच्यासारखा घरी फोन लावला. मोठ्या बहिणीला नीट दिसत नव्हतं, गोळी कुठली ते ताईच सांगायची. दोघीच राहायच्या. "निळी डबी. डावीकडची. हो, तीच. आता पाणी पी." मग तीन दिवस बसून तिनं दुहेरी-तिहेरी ऑर्डरी निवडल्या. तरी एका बाईंकडे पाच जोड पोचलेच. बाई फोनवर म्हणाल्या, "मला पाय दोनच आहेत हो!" ऑफिसात हसला तो फोन घेणारा एकटाच.

सोमवारी काचेच्या खोलीत साहेबांनी चौकशी लावली.

"सही कोणाची?"

"माझी."

"न तपासता केलीत?"

"विचारून केली. उत्तर मिळालं होतं."

"कोणाकडून?"

ताईनं झालंचरावाकडे पाहिलं. रागानं नाही. फोनवर समोरचा पत्ता सांगताना अडखळला की थांबायची, तशी थांबली. झालंचरावाचं तोंड उघडलं. मुलीची शाळा, घराचं भाडं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं, आणि तोंड मिटलं.

"सही माझी आहे," ताई म्हणाली.

साहेबांचं काम सोपं झालं. "एवढी मोठी कंपनी आणि कारभार चिठ्ठ्यांवर! जुनी सवय, दुसरं काय!" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर दोरीही संन्याशाच्याच घरची. निवृत्तीला दोन वर्षं असताना तिला महिनाअखेर जायला सांगितलं.

घरी बायकोला खरं काय ते ठाऊक होतं. तिनं विचारलं, "साहेबांना सांगितलंस?"

"सांगणार आहे."

"म्हणजे झालंच म्हणायचं."

त्या रात्रीपासून ती त्याच्याशी जरा कमीच बोलायला लागली.

शेवटच्या दिवशी ताईनं खण रिकामा केला: चष्म्याचं घर, पेन, बहिणीसाठी घेतलेली एक नवी निळी डबी. पॅड टेबलावरच राहू दिलं. झालंचराव तिची पिशवी धरून जिन्यापर्यंत गेला. तेवढं त्याला जमलं.

"ताई, मी..."

"घाई नको करूस," ती म्हणाली. "तुझी एक चिठ्ठी फाडायची राहिलीय. माझ्यासमोर फाडायची असते. घर माहितीये तुला."

पिशवी घेऊन ती उतरली. मान डावीकडेच.

महिन्याभरात प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड मिळाला. कल्पना साहेबांची, असं परिपत्रकात होतं. रांगेचं काम झालंचरावाकडे आलं. आताशा त्याला काही विचारलं तर तो "बघून सांगतो" म्हणतो, त्यामुळे ते नावही मागे पडलं.

ताईचं घर दोन बस-थांबे पलीकडे आहे. तो रोज त्यावरून जातो. चिठ्ठी पाकिटात मुलीच्या फोटोमागे आहे. डिंक सुकला, अक्षर मात्र अजून वाचता येतं: 'साठाचे सहा. परत साठ करणे.' खाली त्याचं नाव.