अण्णांची शाडूची वाटी

मंडळी, आज आमच्या घरी भांडण झालं. तेही मातीच्या वाटीवरून.

माझे वडील, अण्णा, रेल्वेत फिटर होते. पॅरालिसिस झाल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर पडून असतो. व्यायामाचा बॉल दिला की फेकून देतात. "मी काय बारकं पोरगं हाय व्हय?"

सकाळी गणपतीची उरलेली शाडू भिजवून मी वाटी करत बसले होते. अण्णांना बघवेना.

"एकीकडं जाड, एकीकडं पातळ. आण हिकडं."

त्यांनी गोळा डाव्या हातात घेतला. पण दाबलं की तो ताटात सरकायचा. दोन शिव्या झाल्या. मग उजवा हात हळूहळू उठला, वाटीला टेकला आणि अंगठा आत दाबला गेला. मी मोबाईलमध्येच बघत राहिले. बोलले असते तर ते थांबले असते.

वाटी झाली. आत उजव्या अंगठ्याचा खोल खड्डा आहे. फिटर माणसाला तो कसा खपणार?

"दे, वल्या हातानं गुळगुळीत करतो की."

मी दिली नाही. कपाटावर ठेवली. त्यावरून भांडण.

आता अण्णा नवीन माती मागतायत आणि घरातली संपलीय. आपल्या जुळे सोलापूर भागात कुणाकडं शाडू उरलीय का? आत्ता येऊन घेऊन जाते.