अण्णांचे पाय गार पडतात

रविवारी सकाळी आमची सायकलींची टोळी बेळगावहून निघते. सगळ्यांत पुढे अण्णा. तरी प्रत्येक वळणावर ते शेवटच्या माणसासाठी थांबतात. गिअर कधी बदलायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. "चढाला घाई न्हाय करायची रं. गड काय पळून जातोय व्हय?" किल्ल्याच्या दारात पोचले की दगडाला हात लावूनच इतिहास सांगायला लागतात. वाटेत कुणी चहाला हाक मारली, तर त्याचा शब्द मोडत नाहीत.

गेल्या रविवारी राजहंसगडाच्या वाटेवर माझं गाव होतं. आमचं घर बुद्धविहाराला लागून आहे. आईनं बारा नवे कप मांडून ठेवले होते. "या की, बसा," ती दारातून म्हणाली.

अण्णांनी विहाराची कमान पाहिली, मग आमचं दार. एकच पाय जमिनीला टेकवला.

"नको आक्का, आत्ता बसलो तर पाय गार पडत्यात. म्होरं चढ हाय."

सगळे त्यांच्यामागे निघाले. मीही निघालो.

पुढच्या फाट्यावरच्या हॉटेलात अण्णा अर्धा तास बसले. पहिला कप त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "घे रं, लई दमलास."

चहा चांगला होता. मी सगळा प्यायलो.